पाहिलेले सी. के. आणि ऐकलेले सी. के.

१

आमच्या सेलूच्या बस स्थानकासमोर चहाची एक टपरी आहे. संध्याकाळी तिथे जी चार मंडळी जमतात त्यांत वयाने मी वडील. त्यामुळे भिंतीला पाठ टेकता येईल अशी बाकावरची जागा माझी आणि क्रिकेटवरच्या वादात शेवटचा शब्दही माझा, असा एक अलिखित करार पुष्कळ वर्षे पाळला जात होता. २०२५ च्या मार्चमध्ये हा करार मोडला. तो कसा मोडला हे सांगताना माझी थोडी शोभा होणार आहे. पण ती टाळून मूळ विषयाकडे वळण्याचा दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

२ मार्च २०२५ रोजी विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. अंतिम सामना जामठ्याला झाला. सेलूहून नागपूरला जाणारी एस. टी. बुटीबोरी मागे टाकून जामठ्यावरूनच पुढे जाते. तेव्हा सामना आमच्या वाटेवरच झाला असे म्हटले तरी चालेल. केरळविरुद्धची ही लढत अनिर्णित राहिली. पण पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ धावा झाल्या होत्या, आणि त्या आघाडीच्या बळावर करंडक आमच्याकडे आला. त्या ३७९ मध्ये दानिश मालेवार या नागपूरच्या तरुणाच्या १५३ धावा होत्या. टपरीवर त्या दिवशी दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते.

“दानिशसारखी इनिंग आपल्या इकडच्या पोरानं आजवर खेळलीच नाही,” मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला.

माझी वेळ आली आहे हे मी ओळखले. मी म्हटले, “नागपूरच्याच एका पोराने नेमक्या १५३ धावा याआधी काढल्या आहेत. १९२६ साली, मुंबईच्या जिमखान्यावर, इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध. त्यात ११ षटकार होते. सी. के. नायडू त्याचे नाव.”

“तुमी पाह्यली का सर ते इनिंग?”

“माझ्या वडिलांनी पाहिली होती.”

हे उत्तर मी चाळीस वर्षे वर्गात दिले होते आणि त्यापुढे कोणी कधी गेले नव्हते. हा विद्यार्थी गेला. त्याने खिशातला मोबाइल काढला. “सी. के. नायडू. सात टेस्ट, साडेतीनशे रन, ॲव्हरेज पंचवीस. अन् यायले तुमी सगळ्यायच्या वर बसवता?” मग जरा थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, “सर, राग नका मानू. बाबांचा जन्म कवाचा तुमच्या?”

“१९२५ चा.”

“मंग सव्वीस साली ते एका वर्साचे होते ना सर. अन् मॅच तर मुंबईले होती.”

कोणी हसले नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. चहावाल्याने न विचारता माझ्यापुढे आणखी एक अर्धा कप ठेवला.

२

जुन्या खेळाडूंच्या थोरवीवर रसिकांत होणारे वाद ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयांच्या संघांचा त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. त्यातील चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. असा खेळाडू तीनचार वर्षांत पदवी घेऊन मैदान सोडतो, आणि त्याच्याविषयीचा वाद मात्र त्याच्या गावात दोन पिढ्या चालतो. आपल्याकडे ही जागा क्रिकेटने घेतली आहे. विषय बदलतो, वादाची घडण तीच राहते: एका बाजूला ज्याने पाहिले तो, आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या हातात आकडे आहेत तो.

या वादांना आपण फावल्या वेळची करमणूक समजतो. माझ्या मते ती एक प्रकारची समीक्षाच आहे, आणि समीक्षेला लागू असणारे सर्व दंडक तिलाही लागू करायला हवेत. हा खेळाडू मोठा का, आणि हे तुम्हांला कशावरून कळले, हे दोन प्रश्न वाङ्मयाच्या समीक्षकाला जसे टाळता येत नाहीत, तसे टपरीवरच्या समीक्षकालाही टाळता येऊ नयेत. मी दुसरा प्रश्न चाळीस वर्षे टाळला होता.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात ज्ञानाची जी साधने मानली आहेत त्यांपैकी दोन इथे कामाला येतात: प्रत्यक्ष आणि शब्द. स्वतः पाहिले ते प्रत्यक्ष. विश्वासू माणसाने सांगितले ते शब्द. माझी चूक ही झाली की शब्दाने मिळालेली गोष्ट मी प्रत्यक्षाच्या भावात विकली. “वडिलांनी पाहिली” असे म्हणताना डोळे वडिलांचे होते, पण त्या डोळ्यांचा अधिकार मी गाजवत होतो.

परंतु समोरच्याचीही एक चूक होत होती, आणि ती त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. आकडा म्हणजे प्रत्यक्ष असे तो समजत होता. वस्तुतः आकडाही शब्दच आहे. मैदानाच्या कडेला बसून कोणीतरी वहीत खुणा केल्या, त्यांची बेरीज केली, ती पुढे छापली गेली आणि आज मोबाइलवर आली. हा साक्षीदार माझ्या वडिलांहून पुष्कळ अधिक भरवशाचा आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. काय विचारायचे हे त्याला ठाऊक नसते; ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

३

नायडूंच्या ‘पंचवीस’चेच पाहा. ७ कसोटी सामने, १४ डाव, ३५० धावा. भागाकार नेमका २५ येतो. त्यात वाद नाही. पण या १४ डावांतला पहिला डाव केव्हाचा? भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर झाला आणि नायडू त्या सामन्यात भारताचे कर्णधार होते. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. म्हणजे मोजणी सुरू झाली तेव्हा त्यांनी छत्तिसावे वर्ष ओलांडले होते. १९३६ साली ओव्हलवर ते शेवटची कसोटी खेळले तेव्हा चाळिशी गाठलेली होती. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात वेगवान चेंडू अंगावर बसल्यानंतरही ते उभे राहिले आणि त्यांनी ८१ धावा काढल्या. कसोटीतली ती त्यांची सर्वांत मोठी धावसंख्या. तेव्हा ‘पंचवीस’ हे छत्तीस ते चाळीस या वयाच्या एका माणसाचे मोजमाप आहे. हिंदू संघाकडून तो १९१६ साली प्रथम उतरला आणि त्यानंतरची उमेदीची सोळा वर्षे त्याने ज्या देशासाठी घालवली, त्या देशाला अजून कसोटी सामनेच मिळाले नव्हते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या ११,८२५ धावा आणि ४११ बळी आहेत. सरासरी ३६ च्या आतबाहेर. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, १९५६-५७ च्या हंगामात, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. हेही आकडेच. माझ्या विद्यार्थ्याने खोटा आकडा वाचला नव्हता. त्याने पहिलाच आकडा वाचला होता.

हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “पटलं सर. पण मंग हे काल काऊन नाही सांगितलं? बाबांचं काऊन सांगितलं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे उत्तर हे होते की काल मला हे आकडे पाठ नव्हते. वडिलांची गोष्ट हाताशी असल्यामुळे ते पाठ करण्याची गरजच मला कधी भासली नव्हती.

आकडे नीट वाचले की ते वाद मिटवतात, असे मात्र कोणी समजू नये. कधी कधी ते वाद अधिकच शुद्ध करून ठेवतात. मराठी रसिकांत जो वाद एके काळी घरोघरी चालत असे तो विजय मर्चंट आणि विजय हजारे यांचा. मर्चंट मुंबईचे, हजारे सांगलीचे. दोघेही महायुद्धाच्या काळात ऐन भरात होते, आणि त्या काळात कसोटी सामने बंद असल्यामुळे दोघांची गाठ पडायची ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत. १९४३-४४ च्या पंचरंगीत ‘रेस्ट’ म्हणजे इतरांच्या संघाकडून हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मर्चंटनी हिंदू संघाकडून नाबाद २५० केल्या. हिंदूंनी ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ वर संपला आणि त्यांच्यावर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. उरलेल्या सर्वांच्या आणि अवांतर मिळून ७८. सहाव्या विकेटसाठी हजाऱ्यांनी आपले भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी केली. त्या डावात विवेक यांच्या धावा २१. एवढे होऊन हजाऱ्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

या दोघांत थोर कोण? कसोटीच्या सरासरीकडे जावे तर मर्चंट ४७.७२, हजारे ४७.६५. फरक सात शतांशांचा. नशिबाने जणू हा वाद मिटू नये म्हणूनच ही बेरीज करून ठेवली आहे. पण इथेही आकडे वाचता येतात. मर्चंटची सरासरी १० सामन्यांची आहे आणि ते सामने १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत विखुरले आहेत. १८ डावांत ते एकदाही नाबाद राहिले नाहीत. हजाऱ्यांचे ३० सामने १९४६ ते १९५३ या सात वर्षांत दाटीने झाले. त्यांत १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके आहेत. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच होते. उलट प्रथम श्रेणीत मर्चंटची सरासरी ७१.६४, जगात तेव्हा त्यांच्या वर फक्त ब्रॅडमन. एकाला संधी विरळ मिळाली आणि तिची त्याने एकदाही हेळसांड केली नाही. दुसऱ्याने सतत ओझे वाहिले आणि पुष्कळदा ते एकट्याने वाहिले. हे दोन निरनिराळे गुण आहेत. कोणता वरचा, हे ठरवताना आपण खेळाडूंविषयी कमी आणि आपल्याला कोणता स्वभाव भावतो याविषयी अधिक बोलत असतो. समीक्षेत याला अभिरुची म्हणतात. अभिरुची असणे गैर नाही. ती निकाल म्हणून जाहीर करणे गैर आहे.

४

इथपर्यंत येऊन थांबलो असतो तर हा लेख एका सुखद वादाविषयीचा झाला असता. पण मर्चंट-हजारे वादाचे रंगमंदिर जे होते, त्याच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाणे मला जमत नाही. आणि सेलूत राहणाऱ्या माणसाला तर ते मुळीच जमू नये.

पंचरंगी सामने म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि इतर अशा पाच संघांचे सामने. प्रेक्षक आपापल्या धर्माच्या संघाचा जयजयकार करण्यासाठी जमत. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचे मत विचारण्यासाठी आमच्या जिल्ह्यात आले, सेवाग्रामला. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होऊन दोन महिने झाले होते. इथून जवळच पवनारला विनोबांनी पहिला सत्याग्रही म्हणून ऑक्टोबरात त्याचा आरंभ केला होता. युरोपात महायुद्ध पेटले होते. अशा वेळी मुंबईचे क्रिकेटवाले वर्ध्याच्या गाडीत बसून एका खेळाच्या सामन्यांविषयी विचारायला आले, हे चित्र मला नेहमी काहीसे विलक्षण वाटत आले आहे. गांधीजींनी आपल्याला या खेळाचे ज्ञान नाही हे सांगून टाकले. महाविद्यालयांमध्ये किंवा संस्थांमध्ये सामने व्हावेत हे आपण समजू शकतो. पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी हे आपल्याला कधी समजले नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते, आणि हे सामने बंद व्हावेत असे ज्यांना वाटते त्यांच्या बाजूला त्यांनी आपली सहानुभूती दिली. त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे तो परत आला. मर्चंटचे २५० आणि हजाऱ्यांचे ३०९ हे त्या परतीनंतरचे. १९४६ नंतर ही स्पर्धा झाली नाही.

माझ्या पिढीने ही रंगत वारसा म्हणून घेतली आणि तिचे रंगमंदिर मात्र विसरून टाकले. हजाऱ्यांचा तो डाव ज्या ‘इतर’ संघाकडून खेळला गेला, त्या शब्दातच किती माणसे गोळा करून टाकली होती! हजारे ख्रिस्ती असल्यामुळे इतर. सांगलीच्या या मराठी माणसाला ज्या मुंबईकरांनी डोक्यावर घेतले, त्यांना त्याच्या संघाच्या नावात काही खटकले असेल असे दिसत नाही.

याच्याही आधीचा एक माणूस आहे, आणि टपरीवरच्या आमच्या वादात त्याचे नाव मी स्वतः कधी घेतले नव्हते. पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा. डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजात जन्मलेला. पुण्याला युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता तो साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला. पुढे पुण्याच्या हिंदूंना त्याची गरज पडली तेव्हा त्यांनी त्याला संघात घेतले. मैदानात चेंडू सर्वांनी एकच हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाकडून त्याने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्याच्या कसोटी सामन्यांची संख्या शून्य, कारण तेव्हा भारताला कसोटी सामनेच नव्हते. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरीन फील्ड’ या ग्रंथात बाळूला त्याची जागा दिली, तेव्हा कुठे आमच्यासारख्या वाचकांना जाग आली.

नायडूंच्या ‘पंचवीस’विषयी मी अन्यायाची जी तक्रार केली ती बाळूपुढे फार लहान ठरते. नायडूंच्या बाबतीत वही उशिरा उघडली. बाळूच्या बाबतीत ती उघडलीच नाही, आणि जी आठवण वहीची उणीव भरून काढते तीही त्याच्या वाट्याला आली नाही. माझ्या वडिलांनी मला सी. के. सांगितले, त्यांनी मला बाळू सांगितला नाही. त्यांच्या गुरुजींनी त्यांना सांगितला नसावा. वारसा हा शब्द आपण इतक्या प्रेमाने वापरतो की वारसा देणारे काही गोष्टी गाळूनही देतात, हे ध्यानात येत नाही. आकड्यांची समीक्षा आपण करतो, तशी आठवणींचीही केली पाहिजे: कोणाला काय आठवले हे जसे विचारायचे, तसे कोण कोणालाच आठवले नाही हेही विचारायचे.

५

मग खेळाडूचा वारसा म्हणतात तो कशावरून ओळखावा? मला वाटते, त्याने स्वतः काय मिळवले एवढ्यावरून नव्हे, तर त्याच्यानंतर आलेल्यांना जी गोष्ट सहज शक्य वाटू लागली ती त्याच्यापूर्वी शक्य वाटत होती का, यावरून.

या कसोटीवर १ डिसेंबर १९२६ चा तो डाव घासून पाहू. आर्थर गिलिगनच्या संघाने मुंबईला येईपर्यंत आपली मंडळी कितपत खेळू शकतात याविषयी खुद्द आपल्यालाच खात्री नव्हती. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्याच दौऱ्यात, त्याच मुंबईत, पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा केल्या. हे देवधर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या आणि महाराष्ट्राला लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला. भारताने कसोटी खेळावी असे गिलिगनचे मत झाले, १९२८ च्या डिसेंबरात भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली लॉर्ड्‌सचा सामना झाला. हे सर्व एका डावामुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यात संस्थानिकांचा पैसा होता, दिल्ली-मुंबईचे राजकारण होते. परंतु मालेवारने जामठ्याला २८५ चेंडू खेळून, धीराने, घाई न करता १५३ धावा केल्या, तेव्हा आपण या खेळात कोणाहून कमी नाही हे त्याला सिद्ध करायचे नव्हते. करंडक जिंकायचा, एवढेच त्याच्यापुढे होते. नायडूंना दोन्ही करायचे होते. दोन्ही डावांचा आकडा एक, कामे दोन. म्हणून एकाला दुसऱ्याखाली बसवण्याचा प्रश्नच मला आता उरलेला दिसत नाही. उलट, मालेवारला शांतपणे खेळता आले हाच नायडूंच्या षटकारांचा वारसा आहे, असे मी म्हणेन; आणि माझ्या विद्यार्थ्यानेही हे मान्य केले, फक्त त्यात त्याने एक दुरुस्ती सुचवली: “षटकार कमी मारले म्हणून दानिशले कमी नका लेखू म्हणजे झालं.” दुरुस्ती मी स्वीकारली.

यात थोडी गमतीची जोड द्यायची तर ती अशी, की नायडूंना नागपुरात ठेवून घेणे विदर्भाला जमले नाही. १९२३ साली होळकरांनी त्यांना इंदूरला नेले. त्यांच्या काळात होळकर संघाने रणजी करंडक ४ वेळा जिंकला. आणि १९६७ साली त्यांचा मृत्यूही इंदूरलाच झाला. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तो २०१८ च्या पहिल्या दिवशी, दिल्लीविरुद्ध. ते मैदानही इंदूरचेच होते, होळकर स्टेडियम.

आता वडिलांच्या गोष्टीविषयी. तिचे काय करावे हा प्रश्न मला काही आठवडे छळत होता. वडील खोटे बोलत असत असे मला आजही म्हणवत नाही. मी जुन्या गोष्टी आठवू लागलो. “आम्ही पाहिली” असे ते म्हणत. “मी पाहिली” असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही. ‘मी’ बहुधा मी घातला. आणि त्या गोष्टीत नेहमी एक तपशील असे, जो मी वर्गात सांगताना फालतू म्हणून गाळून टाकीत असे. वडिलांचे एक गुरुजी तरुणपणी मुंबईला राहून आलेले होते. शाळा सुटायच्या वेळी मुलांनी आग्रह केला की ते टेबलावरचे लाकडी रूळ उचलत, डावा पाय पुढे टाकत आणि खिडकीबाहेरच्या चिंचेवर चेंडू कसा गेला ते करून दाखवत. वर्गातली पोरे त्या चिंचेकडे पाहत. एकदा रूळ हातातून सुटून शाईच्या दौतीवर पडले होते.

म्हणजे वडिलांनी काहीतरी खरोखरच पाहिले होते. नायडू पाहिले नव्हते. नायडू पाहून आलेला, किंवा पाहून आलो असे सांगणारा, एक शिक्षक पाहिला होता, आणि तो हात वर नेताना पाहिला होता. मला जर कोणी नीट विचारले असते तर ही साक्ष मी देऊ शकलो असतो. ती कमी प्रतीची नाही. कसोटी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या एका खेड्यातल्या वर्गात ११ षटकार पोचले होते आणि तिथून ते माझ्यापर्यंत आले, एवढे तिच्यावरून सिद्ध होते. त्याहून अधिक काही तिच्यावरून सिद्ध करायला जाऊ नये.

परवा टपरीवर पुन्हा विषय निघाला. एक नववीतला मुलगा वडिलांबरोबर आला होता, आणि सी. के. नायडू म्हणजे तेवीस वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेतला करंडक, एवढीच त्याची माहिती होती. माझ्या विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. “सांगा सर,” तो म्हणाला, “पण पुरं सांगा.”

मी सांगितले. माझ्या वडिलांना त्यांच्या गुरुजींनी सांगितले, ते गुरुजी मुंबईला होते, त्यांनी तो डाव पाहिला होता की तेही कोणाकडून ऐकूनच आले होते हे आज सांगता येत नाही. मात्र धावा १५३ आणि षटकार ११ हे वहीत आहे. त्याच्याही आधी पुण्याला बाळू नावाचा एक गोलंदाज होता, त्याच्याविषयी मला माझ्या वडिलांनी काही सांगितले नाही, ते मी पुस्तकात वाचले. अशी सांगायला गोष्ट पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि मधे दोनदा एस. टी. च्या हॉर्नमुळे थांबावे लागले. मुलाने शेवटपर्यंत ऐकले. मग त्याने विचारले, “बाळूची बोलिंग कशी होती?”

ते मला करून दाखवता आले नाही.